पहिला मणी, सहावा मणी

सावदा, फैजपूर, रावेर या पट्ट्यात केळीचे वेफर्स तळणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही: केळं टणक आणि पूर्ण कच्चं हवं. घडातलं एखादं केळं आतून पिकायला लागलं असेल, तर साल अजून हिरवी असली तरी त्याचे काप तेलात पडताच कडेनं तपकिरी होतात आणि खाताना कडसर लागतात. कच्च्या केळात बहुतेक सगळा स्टार्च असतो, साखर नावापुरती. पिकताना स्टार्च मोडतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोकळे होतात, आणि तापलेल्या तेलात ते केळातल्या अमिनो आम्लांना धरून बसतात. तपकिरी रंग त्या पकडीतून येतो. लुई कामीय मायार या फ्रेंच संशोधकानं १९१२ मध्ये ही क्रिया मांडली म्हणून ती त्याच्या नावानं ओळखली जाते. तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीला पडणारे खमंग डागही तिचेच. (पिकल्या केळाची साल काळी पडते ती मात्र एन्झाइममुळे, तिथे साखरेचा संबंध नाही. या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते.)

हीच क्रिया आपल्या रक्तात चालू असते. तिथे कढई ३७ अंशांची असते आणि तळणीला तांबड्या पेशीचं अख्खं आयुष्य, म्हणजे सुमारे १२० दिवस मिळतात. गावोगाव जिला 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात, त्या एचबीए१सी तपासणीचा आकडा म्हणजे या मंद आचेचं मोजमाप. या आकड्यावर गोळ्या ठरतात, इन्सुलिन ठरतं, माणसाची झोप ठरते. आणि आपल्याकडे, विशेषतः सातपुड्याच्या अंगानं, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, चोपडा, यावल या भागात, हा आकडा एका खास कारणानं, सिकलसेल या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या जन्मजात आजारामुळे, फसवा निघू शकतो. ते कारण समजून घ्यायचं तर रेणूच्या अगदी जवळ जावं लागतं. तेवढं जवळ नेण्याचं काम सेंद्रिय रसायनशास्त्र करतं.

हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं: १४१ अमिनो आम्लांच्या दोन अल्फा आणि १४६ अमिनो आम्लांच्या दोन बीटा. बीटा साखळीचे पहिले सहा मणी असे ओवलेले आहेत: व्हॅलिन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल. हे नेहमीचं हिमोग्लोबिन म्हणजे एचबीए. यातल्या पहिल्या मण्यावर ग्लुकोज येऊन बसलं की ते एचबीए१सी होतं. सहाव्या मण्याच्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की ते सिकलसेलचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएस. एक बदल प्रथिन तयार झाल्यावर, जगता जगता होतो; दुसरा जनुकातून जन्मासोबत येतो. आपल्या भागातल्या दोन मोठ्या दुखण्यांच्या खुणा एकाच पोतीत, मधे चार मणी सोडून बसलेल्या आहेत. जनुकीय तपासणीच्या कागदावर सहाव्याऐवजी सातवा लिहिलेला दिसला तर गोंधळून जाऊ नये. तिथे साखळीच्या सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. पेशीत ते कापलं जातं आणि मग व्हॅलिन पहिलं येतं.

साखर पहिल्याच मण्यावर का बसते? बसायला जागा तर पुष्कळ आहेत. हिमोग्लोबिनवर लायसिन या अमिनो आम्लाचे डझनावारी अमाइन (नायट्रोजनवाले) गट आहेत आणि रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षातला विद्यार्थी त्यांच्याकडेच बोट दाखवेल. पण अमाइनला साखरेच्या कार्बनवर हल्ला करायचा तर त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी हवी, प्रोटॉननं अडवलेली नको. लायसिनचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे गट प्रोटॉन सोडतात तो आकडा, साधारण १०.५. रक्ताच्या ७.४ पीएचला हिशेब केला तर हजारात जेमतेम एक लायसिन मोकळं सापडतं. साखळीच्या टोकाच्या व्हॅलिनचा पीकेए ७ च्या आसपास, म्हणजे दहातले सात मोकळे. शिवाय बीटा साखळीच्या या टोकाशेजारी फॉस्फेट धरून ठेवणारी खोबण आहे, आणि फॉस्फेट पुढच्या पायरीला प्रोटॉन इकडचा तिकडे न्यायला मदत करतं. दार उघडं आणि दारात मदतनीस उभा.

आता ग्लुकोजची बाजू. ते जवळजवळ सगळा वेळ कड्याच्या रूपात गुंडाळलेलं असतं. अमाइनशी जुळणारा अल्डिहाइड (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा टोकाचा गट) उघड्या साखळीतच असतो, आणि उघडं ग्लुकोज असतं सुमारे ०.००२ टक्के, पन्नास हजारात एक. उपाशीपोटी रक्तात डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅम साखर म्हणजे लिटरमागे ५ मिलिमोल. त्यातलं उघडं रूप अवघं ०.१ मायक्रोमोल. सगळ्या सामान्य साखरांत ग्लुकोज सर्वात जास्त बंदिस्त आहे. शरीरानं हीच साखर इंधन म्हणून निवडली यामागे हे एक कारण असावं असं काही संशोधकांनी सुचवलं आहे. मला ते पटतं. फ्रुक्टोज याहून कितीतरी चपळपणे चिकटणारं आहे, आणि ते रक्तात एवढ्या प्रमाणात फिरत असतं तर आपलं फार लवकर 'भाजणं' झालं असतं.

अल्डिहाइड आणि अमाइन जुळले की पाण्याचा एक रेणू निघून कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध तयार होतो. ह्यूगो शिफनं १८६४ मध्ये असे बंध वर्णिले म्हणून त्यांना शिफ बेस म्हणतात. हा बंध काही तासांत होतो आणि तसाच सुटतोही. जेवणानंतर साखर वाढली की तो वाढतो, उतरली की उतरतो. पण काही रेणूंत दुहेरी बंध सरकून शेजारच्या कार्बनवर कीटोन बनतो, ग्लुकोजचा सांगाडा फ्रुक्टोजसारखा होतो. ही आमाडोरी पुनर्रचना. तिच्यानंतर परतीची वाट जवळपास बंद. प्रयोगशाळेला मोजायचं असतं ते हे दुसरं, पक्कं रूप. पहिलं कच्चं रूप त्यात मिसळलं तर कालच्या लग्नातला जिलबीचा आग्रह तीन महिन्यांच्या आकड्यात शिरतो. म्हणून जुन्या पद्धतीत तांबड्या पेशी ३७ अंशांच्या मिठाच्या पाण्यात काही तास ठेवून कच्चं रूप धुऊन काढत. आताची यंत्रं ते रिएजंटमध्येच सोडवतात किंवा आलेखावर वेगळं शिखर म्हणून दाखवतात.

इतिहासात फार रेंगाळत नाही. १९५८ मध्ये ह्युइसमन आणि मेयरिंग यांनी हा अंश स्तंभावर, म्हणजे मिश्रणातले रेणू वेगळे करणाऱ्या भरलेल्या नळीत, वेगळा केला, १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल राहबार यांना तो मधुमेहींच्या रक्तात वाढलेला दिसला, आणि १९७६ मध्ये केनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी तो साखरेच्या नियंत्रणाशी जोडून दाखवला. सेरामी हे नाव लक्षात ठेवावं. पुढे ते पुन्हा येणार आहे, तेही सिकलसेलच्या बाजूनं.

मोजण्याच्या तऱ्हा अनेक, इथे तीन पाहू. आयन-एक्स्चेंज स्तंभ विद्युतभार पाहतो: साखर बसलेल्या टोकाचा धनभार कमी होतो, तो रेणू आधी बाहेर पडतो. बोरोनेट स्तंभ साखरेवरचे शेजारी-शेजारी असलेले दोन हायड्रॉक्सिल गट पकडतो. आम्लारिधर्मी बफरमध्ये ते बोरॉनशी कडं करतात आणि नंतर सॉर्बिटॉल ओतलं की सुटतात. तिसरी पद्धत रोजच्या कामाची नाही. ती बाकी सगळ्यांचा काटा जुळवण्यासाठी असते, आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धत. हिमोग्लोबिन ग्लु-सी नावाच्या एन्झाइमनं, पीएच ४.३ च्या अमोनियम ॲसिटेट बफरमध्ये, ३७ अंशांवर रात्रभर कापतात. हे एन्झाइम ग्लुटामिक आम्लानंतर कात्री चालवतं, त्यामुळे बीटा साखळीतून नेमके पहिले सहा मणी सुटून येतात. मग मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूचं वस्तुमान भागिले विद्युतभार मोजणाऱ्या यंत्रावर, दोन शिखरं पाहायची: साधा सहा मण्यांचा तुकडा, वस्तुमान ६९४.४, दोन भारांसह ३४८.२ वर, आणि साखर बसलेला, १६२.०५ नं जड, ४२९.२ वर. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे उत्तर.

इथे सहाव्या मण्याचा पहिला खेळ दिसतो. सिकलसेलमध्ये सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल नसतंच. कात्री तिथे चालत नाही, सातव्या जागेच्या ग्लुटामिक आम्लापर्यंत जाते आणि सात मण्यांचा, ७९३.४ वस्तुमानाचा तुकडा पडतो. संदर्भपद्धतीच्या खिडकीत तो दिसतच नाही. यंत्रात दोष नाही; विचारलेला प्रश्नच त्या रक्ताला लागू होत नाही. ज्याच्याकडे फक्त एचबीएस आहे, त्याच्या शरीरात एचबीए नाही, म्हणून एचबीए१सीही नाही. असलंच तर एचबीएस१सी.

ही शिखरं ओळखायची तर हातात शुद्ध नमुना हवा, आणि तो रक्तातून गाळून पुरेसा मिळत नाही. तो बनवावा लागतो. माझ्या मते या विषयातला सर्वात सुंदर आणि सर्वात कमी बोलला जाणारा भाग हाच आहे.

सहा मण्यांची पोत घन रेझिनवर (प्लास्टिकसारख्या बारीक कणांवर) शेवटाकडून ओवतात, म्हणजे ग्लुटामिक आम्ल आधी, व्हॅलिन शेवटी. ही पद्धत ब्रूस मेरिफिल्डनं १९६३ मध्ये दिली. ०.१ मिलिमोलचं काम असेल तर ०.५ मिलिमोल प्रति ग्रॅम क्षमतेचं २०० मिलिग्रॅम रेझिन पुरतं. प्रत्येक मण्याला एफमॉक टोपी, म्हणजे वेळेआधी जोडणी होऊ न देणारा झाकण-गट, असते. ती डीएमएफ या द्रावकातल्या २० टक्के पिपेरिडीननं आधी पाच, मग दहा मिनिटं ठेवून काढायची, पाच-सहा वेळा धुवायचं, चौपट-पाचपट पुढचा मणी डीआयसी आणि ऑक्झिमा ही जोडणीची रसायनं घालून जोडायचा. वाचताना सरळ वाटतं, पण या सहा मण्यांत दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा दुसऱ्याच पायरीवर. रेझिनवर ग्लुटामिक आम्ल, त्यावर प्रोलिन. प्रोलिनची टोपी काढली की त्याचा मोकळा नायट्रोजन मागे वळून रेझिनच्या एस्टरवर हल्ला करतो आणि दोन्ही मणी सहा अणूंच्या कड्यात गुंडाळून निघून जातात. वँग हे नेहमीचं रेझिन वापरलं तर माल इथेच गळतो, आणि शेवटी तुकडा शुद्ध पण अगदी थोडा मिळतो तेव्हा कळतं. उपाय म्हणजे २-क्लोरोट्रायटिल रेझिन. त्याचा अंगानं दांडगा गट त्या हल्ल्याला जागाच देत नाही. प्रोलिनवर पुढचा मणी बसला का हे निनहायड्रिनच्या रंगचाचणीनं पाहू नये. दुय्यम अमाइन निळा रंग देत नाही आणि 'जोडणी पूर्ण' असा खोटा दिलासा मिळतो. तिथे क्लोरॅनिल वापरावं.

दुसरा खड्डा हिस्टिडीन. जोडणीसाठी सक्रिय केल्यावर त्याचं इमिडॅझोल कडं स्वतःच्याच अल्फा कार्बनचा प्रोटॉन ओढतं आणि डाव्या हाताचा रेणू उजवा होतो. वस्तुमान तेच, त्यामुळे मास स्पेक्ट्रोमीटर काही बोलत नाही. एचपीएलसीवर (दाबाखाली चालणाऱ्या स्तंभावर) शिखराला खांदा फुटलेला दिसतो. मायक्रोवेव्हवर ९० अंशांची घाई इथे करू नये. ५० अंश किंवा साधं खोलीचं तापमान बरं. जळगावच्या मे महिन्यात 'खोलीचं तापमान' म्हणजे काय हे मात्र थर्मामीटरनं ठरवावं, अंदाजानं नको.

आता साखर. मोकळ्या व्हॅलिनवर ग्लुकोज ओतून तापवलं तर शिफ बेस, आमाडोरी, जळके तपकिरी तुकडे असा सगळा खिचडा होतो. म्हणून रसायनज्ञ उलट्या बाजूनं येतात. फ्रुक्टोजचे चार हायड्रॉक्सिल गट ॲसिटोनच्या दोन चिमट्यांत झाकायचे. मोकळा उरतो तो पहिल्या कार्बनवरचा अल्कोहोल. (हाच झाकलेला फ्रुक्टोज टोपिरामेट या फिट्सच्या औषधाचाही पाया आहे.) त्याचं ऑक्सिडेशन करून अल्डिहाइड करायचा, आणि रेझिनवरच्या व्हॅलिनशी सोडियम सायनोबोरोहायड्राइडच्या साक्षीनं जुळवायचा. हा सौम्य रिड्यूसर दुहेरी बंध तेवढा एकेरी करतो, अल्डिहाइडला सहसा हात लावत नाही. जे मिळतं ते नेमकं आमाडोरी रूप, कसलीही पुनर्रचना न होता. अल्डिहाइड फार जास्त घातला तर दुसरी साखरही चिकटू पाहते. व्हॅलिनची फांदी दाट असल्यानं ते थोडं रोखलं जातं, तरी प्रमाण आटोक्यात ठेवावं. सायनोबोरोहायड्राइडच्या उरलेल्या द्रावणात तीव्र आम्ल कधीही ओतू नये, हायड्रोजन सायनाइड सुटतो. वायू बाहेर खेचणारं हूड चालू आणि आधी भरपूर धुणं, याला पर्याय नाही.

शेवटी ९५ टक्के टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल), २.५ टक्के पाणी, २.५ टक्के ट्रायआयसोप्रोपिलसिलेन, दोन तास. रेझिन सुटतं, हिस्टिडीनवरची ट्रायटिल टोपी सुटते, साखरेवरचे चिमटेही सुटतात. साखर बसलेला तुकडा एका भारासह ८५७.४ वर दिसतो. त्याच्या पुढे ८९७.४ वर शिखर दिसलं तर एक चिमटा राहिला असं समजावं, ४० चा फरक त्याचाच. आणखी अर्धा तास द्यावा. पाणी विसरलं तर चिमटे हटत नाहीत. सैद्धांतिक उत्पन्न ८६ मिलिग्रॅमच्या आत-बाहेर. शुद्ध करून निम्मं हाती आलं तर ते चांगलं काम.

नमुना ओळखतानाही साखर एक चकवा देते. मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये तुकडा आदळून फोडला की मणी सुटण्याआधी साखरच पाणी सोडत बसते: १८, ३६, ५४, आणि फॉर्मल्डिहाइडसह ८४. सगळी ऊर्जा तिकडे जाते आणि साखर कोणत्या मण्यावर होती ते कळत नाही. इलेक्ट्रॉन देऊन फोडण्याची पद्धत इथे उपयोगी पडते, तिच्यात कणा तुटतो आणि साखर जागेवर राहते. आणि १६२ म्हणजे ग्लुकोजच असं नाही. कुठलीही सहा कार्बनांची साखर तेवढीच जड असते.

परीक्षानळीत प्रथिनावर साखर चढवण्याचे प्रयोग खूप होतात आणि त्यातले बरेच चुकीच्या कारणानं 'यशस्वी' होतात. नेहमीची कृती: लिटरमागे ५० ग्रॅम अल्ब्युमिन, अर्धा मोल ग्लुकोज, ०.२ मोलर फॉस्फेट, पीएच ७.४, ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून ३७ अंशांवर काही आठवडे. अर्धा मोल म्हणजे रक्तातल्या साखरेच्या शंभरपट, डेसिलिटरला ९००० मिलिग्रॅम. एवढ्या साखरेत लायसिनच्या ज्या जागा शरीरात शांत असतात त्याही भरतात. फॉस्फेटमधले लोह-तांब्याचे अंश साखरेचं ऑक्सिडेशन घडवतात आणि भलतीच उत्पादनं दाखवतात, म्हणून १ मिलिमोलर डीटीपीए घालून ते बांधून ठेवावेत. ट्रिस बफर वापरला तर त्याचा स्वतःचा प्राथमिक अमाइन साखर खातो. गाळणी चुकली तर जिवाणू खातात. आणि साखर न घातलेली नळी तेवढेच दिवस शेजारी ठेवली नसेल, तर त्या प्रयोगावर विश्वास ठेवू नये.

प्रथिन उलगडायला ८ मोलर यूरिया वापरतात, त्यातला धोकाही इथेच सांगतो. यूरिया पाण्यात थोडा थोडा सायनेटमध्ये बदलतो आणि सायनेट त्याच मोकळ्या व्हॅलिनवर जाऊन ४३.०१ वस्तुमान चढवतो. द्रावण ताजं हवं, ३७ च्या वर तापवायचं नाही. नाहीतर मूत्रपिंडाच्या रुग्णात दिसणारा बदल निरोगी रक्तात 'सापडतो'. ॲसिटिल गटाचं वजन ४२.०१, म्हणजे अवघा एकाचा फरक. बारीक वेगळं करणारं यंत्र नसेल तर दोन्ही एकमेकांत मिसळतात.

पण हाच सायनेट एके काळी सिकलसेलचं औषध होऊ पाहत होता. १९७० च्या सुमाराला सिकलच्या वेदनांवर यूरिया देऊन पाहिला गेला. त्यातला सायनेट व्हॅलिनवर बसतो आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड घट्ट करतो, हे अँथनी सेरामी आणि जेम्स मॅनिंग यांनी दाखवलं. ऑक्सिजन धरून ठेवलेलं एचबीएस एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवत नाही, पेशी विळ्यासारखी वाकत नाही. विचार बिनचूक होता. मात्र सायनेटला हिमोग्लोबिन आणि मज्जातंतू यातला फरक कळत नाही. हातापायाच्या नसा बिघडल्या, डोळ्यांत मोतीबिंदू आले आणि तोंडावाटे द्यायचे प्रयोग थांबले. ज्याची प्रकृती चिकटणं हीच आहे, त्याला पत्ता लिहून देणं किती अवघड असतं ते इथे दिसतं.

चाळीसेक वर्षांनी पुन्हा त्याच जातीच्या दारावर थाप पडली, या वेळी अल्फा साखळीच्या पहिल्या व्हॅलिनवर. व्हॉक्सेलोटर हा सुगंधी अल्डिहाइड. त्याच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गट असल्यानं व्हॅलिनशी होणारा शिफ बेस हायड्रोजन बंधानं सावरला जातो: टिकतो, पण सुटूही शकतो. बाकीचा रेणू हिमोग्लोबिनच्या पोकळीत नेमका बसेल असा घडवलेला, म्हणजे या वेळी पत्ता लिहिलेला होता. रोजची मात्रा १५०० मिलिग्रॅम, इतकी मोठी का ते हिशेबानं कळतं. सिकलच्या रुग्णात डेसिलिटरमागे ८ ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं तर पाच लिटर रक्तात ४०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ६ मिलिमोल. आणि १५०० मिलिग्रॅम औषध म्हणजे साडेचार मिलिमोल. इतक्या दारांवर पोहोचायचं तर पत्रंही तेवढी लागतात. अमेरिकेत २०१९ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं, कारण चाचण्यांमध्ये वेदनांचे झटके आणि मृत्यू यांचं पारडं औषध घेणाऱ्यांच्या बाजूला झुकलेलं दिसलं. मला याचं वाईट वाटतं. बंध हवा तसाच घडला होता, हिमोग्लोबिनचा आकडाही वाढला होता. ऑक्सिजन घट्ट धरणारं रक्त तो पेशींना सोडतं किती, हा प्रश्न मात्र उरलाच.

आमाडोरीच्या पुढची वाट थोडक्यात. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या प्रथिनांत, मुख्यतः कोलॅजनमध्ये, साखरेचे अवशेष लायसिन आणि आर्जिनिनला एकमेकांशी सांधून टाकतात. त्यातला सर्वात विपुल सांधा ग्लुकोसपेन. तो कातडी-धमन्यांतून शुद्ध काढणं जवळपास अशक्य होतं. येल विद्यापीठातल्या डेव्हिड स्पीगल यांच्या गटानं २०१५ मध्ये तो आठ पायऱ्यांत बनवला. नमुना हाती आल्यावरच तो ओळखणारी प्रतिपिंडं आणि तोडणारी एन्झाइमं शोधता येऊ लागली. सहा मण्यांच्या पोतीचा न्याय इथेही तोच.

आता धडगावकडे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. भिल्ल, पावरा, गावित वस्त्यांमध्ये या तपासणीची पहिली पायरी विद्राव्यता चाचणी. २ मिलिलिटर द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त: सॅपोनिन पेशी फोडतं, सोडियम डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं, आणि दाट फॉस्फेटमध्ये एचबीएस विरघळेनासं होतं. पाच मिनिटांनी नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या नाहीत तर चाचणी सकारात्मक. यात सर्वात नाजूक डायथायोनाइट. दमट हवेत डबी उघडी राहिली की ते ऑक्सिजन खाऊन संपतं, गुठळ्या होतात, आणि मग सिकलचं रक्तही स्वच्छ दिसतं. म्हणून रोज एक माहीत असलेला सकारात्मक नमुना चालवणं टाळू नये. द्रावण शीतपेटीत ठेवावं, वापरताना मात्र खोलीच्या तापमानाला आणावं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली असेल तर रक्त दुप्पट घ्यावं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं नकारात्मक उत्तर धरू नये, त्याच्यात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं. आणि ही चाचणी वाहक (एकाच पालकाकडून सिकलचं जनुक आलेला) कोण, रुग्ण कोण हे सांगत नाही. ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस सांगतं.

समजा सिकलचा रुग्ण असलेल्या कुणाचा एचबीए१सी ४.८ टक्के छापून आला. कागद म्हणतो, मधुमेह नाही. पण त्या माणसाच्या तांबड्या पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवस जगतात. साखर बसायला वेळच मिळत नाही. बोरोनेट पद्धतीला सहाव्या मण्याच्या भाराची अडचण येत नाही म्हणून तिचा आकडा बरोबर, असं सांगितलं जातं. यंत्रापुरतं ते खरं आहे, पण पेशीचं वय कुठलाच स्तंभ दुरुस्त करू शकत नाही. मधे रक्त चढवलं असेल तर आकडा बराचसा दात्याच्या पेशींचा असतो. वाहकाच्या बाबतीत, चांगल्या पद्धतीनं मोजलं तर आकडा बराचसा भरवशाचा, तरी २०१७ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तेवढ्याच साखरेला वाहकांचा आकडा साधारण ०.३ नं कमी दिसला. मधुमेह ठरवणाऱ्या ६.५ च्या उंबरठ्यावर एवढा फरक पुरेसा असतो. उलट बाजूनं, लोहाच्या कमतरतेची पांडुरोगी बाई असेल तर आकडा वर सरकतो. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकाच शरीरात असू शकतात.

त्यात ऊन. रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीतलं रक्त २ ते ८ अंशांत आठवडाभर टिकतं. घाटातून गाडीच्या डिकीत दुपारी धुळ्याला आलं तर ग्लुटाथायोन हा पेशीतलाच छोटा रेणू बीटा साखळीच्या ९३ व्या सिस्टीनला चिकटतो, ३०५ वजन आणि ऋणभार वाढतो, आणि आयन-एक्स्चेंजवर एचबीए१सीच्या वाटेत नवी शिखरं उभी राहतात. बर्फाची पेटी हवी. नळी थेट बर्फाला लागता कामा नये, पेशी गोठून फुटतात.

अशा रुग्णासाठी तांबड्या पेशी सोडून रक्तातल्या अल्ब्युमिनकडे वळावं लागतं. त्याच्या ५२५ व्या लायसिनवर साखर सर्वात आवडीनं बसते, आणि त्याचं अर्धआयुष्य २० दिवसांच्या आसपास, त्यामुळे उत्तर दोन-तीन आठवड्यांचं मिळतं. फ्रुक्टोसामाइन चाचणीत पीएच १० च्या वरच्या कार्बोनेट बफरमध्ये आमाडोरी कीटोन निळसर रंग उमटवतो. अल्ब्युमिन ठीक असेल तर सामान्य मर्यादा २०० ते २८५ मायक्रोमोल. पण सिकलच्या रुग्णाचा सीरम पेशी फुटत राहिल्यानं पिवळा असतो आणि ते बिलिरुबिन याच रंगात ढवळाढवळ करतं. तिथे कीटोअमाइन ऑक्सिडेजवर चालणारी, एकूण अल्ब्युमिनशी भागून टक्केवारी देणारी ग्लायकेटेड अल्ब्युमिनची तपासणी बरी. तीही जिथे पोहोचत नाही, तिथे उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी शिरेतल्या रक्ताची साखर, फ्लोराइडच्या नळीत, शक्य तितक्या लवकर प्लाझ्मा वेगळा करून. फ्लोराइडला साखर खाणं थांबवायला तास-दोन तास लागतात, तेवढ्या वेळात पेशी आपलं काम करत राहतात.